डोक्यावर पडलेला मुलगा ‘ओके आहे सर’ म्हणतो तेव्हा पंचाने काय करायचं? (बास्केटबॉल)

मधलीरेघ | शनिवार, रात्री १०.४०

गेली १९ वर्षं मी बास्केटबॉलचे सामने चालवतो आहे. शालेय, आंतरमहाविद्यालयीन, क्लबच्या उन्हाळी स्पर्धा, सगळं. मोडलेली बोटं पाहिली, सुजलेले घोटे पाहिले, रिंगला लटकलेल्या पोराचा खांदा निखळलेला पाहिला. त्यातल्या कशानेही माझी झोप उडाली नव्हती. आज लिहितोय ते गेल्या हिवाळ्यातलं आहे. गाव, शाळा, स्पर्धा यातलं काहीच सांगणार नाही, कारण तो मुलगा किंवा त्याचे आईवडील हे वाचू शकतात.

सतरा वर्षांखालील मुलांचा उपांत्य सामना. सिमेंटचं कोर्ट, दुपारचे साडेतीन, चौथा क्वार्टर, दोन गुणांचा फरक. मी लीडला, म्हणजे बास्केटखाली एंडलाइनवर. शॉट हुकला आणि निळ्या संघाचा एक उंच मुलगा रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत येणारा चेंडू पकडायला, वर गेला. खाली त्याच्या पायात कुणीतरी घुसलं. कोण, ते मी पाहिलं नाही. रिबाउंडच्या वेळी लीडने खालची गर्दी बघायची, चेंडू नाही, हे मी नवीन पंचांना दरवर्षी शिकवतो. त्या क्षणी माझेच डोळे चेंडूमागे रिंगकडे गेले होते. मला आधी आवाज ऐकू आला. पायरीवर नारळ आपटावा आणि तो फुटू नये, तसा.

चेंडू लाल संघाच्या हातात पडला आणि ते पळत सुटले. मीही पळालो. डोक्यात एकच नियम होता, हल्ला संपेपर्यंत शिट्टी वाजवायची नाही. ले-अप, म्हणजे रिंगजवळ जाऊन टाकलेला शॉट, पडला, मग वाजवली. चार-पाच सेकंद गेले असतील. मागे वळलो तर मुलगा उठून बसलेला, उजव्या कानाच्या वर हात दाबून. मी जवळ जाऊन विचारलं, ‘बरा आहेस ना?’ तो म्हणाला, ‘ओके आहे सर.’ उभाही राहिला. त्याचे सर बाहेरून ओरडले, ‘खेळतोय तो, खेळतोय!’ पंधरा सेकंद झाले नव्हते, बेंचवरून कुणी आत आलं नव्हतं. नियमपुस्तकाप्रमाणे त्याला बाहेर काढायला कारण नव्हतं. मी खेळ सुरू केला.

पुढच्या दीड-दोन मिनिटांत त्याने एक हातातला पास सोडला. मग चेंडू मिळाल्यावर तो वळला आणि स्वतःच्याच बास्केटकडे ड्रिबल करत निघाला. लोक हसले. त्याच्या संघातली मुलंही हसली. माझे पाय गार पडले. शिट्टी वाजवून मी त्याला दंडाला धरून बेंचवर नेलं. बसल्याबसल्या त्याला उलटी झाली. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती, आयोजकांच्या गाडीतून नेलं. स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्तस्राव दिसला आणि त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली.

मुलगा वाचला. शाळेत जातो. खेळणं बंद आहे.

त्या सामन्याच्या अहवालात माझ्याविरुद्ध कुणी एक ओळ लिहिली नाही. उलट दोघातिघांनी पाठ थोपटली, ‘सर, तुम्ही वेळेत थांबवलंत.’ मी वेळेत थांबवलं नव्हतं. वेळ पहिल्या आवाजालाच झाली होती. इथे पंच, प्रशिक्षक, डॉक्टर, पालक असतील तर बोला. मला दुसऱ्यांदा ही चूक करायची नाही.

---

नागपाडा_जुना | शनिवार, रात्री ११.२५

वाचून सुन्न झालो. मी मुंबईत नागपाड्याला खेळून मोठा झालो, वायएमसीएच्या कोर्टावर. आमच्या वेळी पडलेल्याला दोघं जण काखेत हात घालून उचलायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि ‘चल, लढ’ म्हणायचे. उठला नाही तर तो कच्चा. मी स्वतः एकदा कोणाच्या तरी कोपराचा मार खाऊन उरलेला अर्धा सामना खेळलो आणि तो सामना मला आजही आठवत नाही. किती गुण केले ते मित्रांनी सांगितलं. इतकी वर्षं मी ही गोष्ट फुशारकीने सांगत आलो. तुमचं वाचल्यावर जाणवलं की त्या दिवशी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

पण मधलीरेघ, सगळा भार स्वतःवर घेऊ नका. दोन पंच, दहा पोरं, शंभर लोक ओरडतायत. नियम तुम्ही केला नव्हता.

---

कलम_पाच | रविवार, सकाळी ७.५०

नियमाबद्दल नीट बोलायला हवं, कारण निम्मे पंच तो अर्धाच लक्षात ठेवतात.

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमावलीत खेळाडूच्या दुखापतीचं कलम पाचवं आहे. चेंडू जिवंत, म्हणजे खेळात, असताना कुणी जखमी झाला, तर ज्या संघाकडे चेंडू आहे त्याने शॉट मारेपर्यंत, ताबा गमावेपर्यंत, खेळ रोखून धरेपर्यंत किंवा चेंडू मृत होईपर्यंत पंचाने शिट्टी वाजवू नये, हे खरं. पण त्याला लागूनच पुढचं वाक्य आहे: जखमी खेळाडूच्या बचावासाठी गरज असेल तर पंच खेळ तत्काळ थांबवू शकतात. ते दुसरं वाक्य कुणाला पाठ नसतं. पंचांच्या प्रशिक्षण शिबिरात प्रश्नही नेहमी पहिल्यावरच विचारतात.

पंधरा सेकंदांचंही तसंच. जखमी खेळाडू साधारण १५ सेकंदांत खेळायला तयार नसेल, किंवा बेंचवरून मदत घ्यावी लागली, तर बदली करावी लागते. रक्त येत असेल तर बदली, आणि रक्त थांबून जखम झाकल्यावरच परत. म्हणजे कोपर खरचटून दोन थेंब आले तर मुलगा बाहेर जातोच. डोकं सिमेंटवर आपटून चौदाव्या सेकंदाला उभा राहिलेला मात्र आत राहतो. हा हिशेब रक्ताचा आणि घड्याळाचा आहे, त्यात मेंदू कुठे बसत नाही.

मग पंचाला अधिकार कुठून? परिस्थिती तशी असेल तर सामना थांबवण्याचा अधिकार क्रू चीफला, म्हणजे मुख्य पंचाला, आहे, आणि नियमांत स्पष्ट न लिहिलेल्या मुद्द्यावर निर्णय घेण्याचाही. माझं मत स्वच्छ आहे, एवढं पुरेसं आहे. शिवाय संघाचा डॉक्टर असेल तर त्याला कोर्टवर यायला पंचाची परवानगीही लागत नाही. पण आपल्या शालेय सामन्यांना डॉक्टर असतो कुठे.

अंडरकटबद्दलही एक. हवेत गेलेल्या खेळाडूच्या खाली सरकून संपर्क झाला तर तो सहसा अनस्पोर्ट्समॅनलाइक (खिलाडूवृत्तीला सोडून) आणि काही वेळा डिसक्वालिफाइंग (खेळाडूला सामन्याबाहेर काढणारा) फाऊल असतो. आपल्याकडे तो साधा पर्सनल फाऊल देऊन सोडतात. पोरांना त्यातून कळतं की हे चालतं.

---

रात्रपाळी | रविवार, दुपारी १.१५

मी मेंदूशल्यचिकित्सा विभागात काम करते. खेळातलं फारसं कळत नाही, पण मैदानावरून आमच्याकडे येणारी मुलं पाहते.

मधलीरेघ यांनी वर्णन केलेली जागा महत्त्वाची आहे. कानाच्या वर आणि थोडं पुढे कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते, आणि रक्त हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये साचत जातं. आपटल्यानंतर मुलगा थोडा वेळ चांगला दिसतो, बोलतो, चालतो. ही मधली स्वच्छ वेळ काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत कितीही असू शकते. त्यानंतर तो झपाट्याने ढासळतो. ‘ओके आहे सर’ हे वाक्य त्या मुलाने खोटं सांगितलं नव्हतं, त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हणून विनंती आहे, ज्याच्या डोक्याला मार लागलाय त्याला ‘बरा आहेस ना’ असं विचारून त्याच्या उत्तरावर निर्णय घेऊ नका. ज्या अवयवाने उत्तर द्यायचं तोच दुखावलेला आहे.

रक्तस्राव क्वचित होतो. जास्त करून होतो तो मेंदूला हादरा, कन्कशन. बेशुद्ध पडलं तरच कन्कशन, हा समज डोक्यातून काढून टाका. बहुतेकांची शुद्ध जात नाही. चेहरा कोरा होतो, उठायला वेळ लागतो, तोल जातो, तोच प्रश्न पुन्हा विचारतो, मुलगा विनाकारण चिडतो किंवा रडतो. यातलं काहीही दिसलं की त्या दिवसापुरता खेळ संपला. त्याच दिवशी परत खेळवायचं नाही, यावर क्रीडावैद्यकात आता मतभेद नाहीत. २०२२ साली ॲम्स्टरडॅमला जगभरातले तज्ज्ञ जमले होते, त्यांचं निवेदन २०२३ मध्ये आलं, त्यातही हेच आहे. त्यांनी डॉक्टर नसलेल्यांसाठी एक पानाचं साधन केलंय, सीआरटी-६, ते फुकट मिळतं. त्याचं तत्त्व ‘ओळखा आणि बाहेर काढा’ एवढंच आहे. निदान करायचं काम तुमचं नाही.

थेट १०८ ला फोन लावायची लक्षणं वेगळी: मान दुखणं, शुद्ध हरपणं, आकडी, वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, दोन-दोन दिसणं, एकाहून अधिक हातापायांत मुंग्या किंवा ताकद कमी, गोंधळ वाढत जाणं, कवटीला खोच दिसणं. अशा मुलाला काखेत हात घालून उचलू नका. मानेचा मणका मोडलेला असू शकतो. आहे तिथे झोपू द्या, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा, श्वास चालू आहे ना बघा. पाणी पाजू नका. आकडी आली तर दातांत चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. हे सगळं करून आमच्याकडे आणलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून लिहिते.

---

ऑरेंजसिटी_कोच | रविवार, रात्री ९.०५

मी नागपूरला मुलामुलींना शिकवतो. सगळ्यांशी सहमत आहे, पण थोडी दुसरी बाजूही ऐका.

एक, पोरं नाटक करतात. फाऊल मिळावा म्हणून पडतात, समोरच्याचा फास्ट ब्रेक, म्हणजे वेगवान प्रतिहल्ला, थांबावा म्हणून डोकं धरून लोळतात. पंच प्रत्येक वेळी शिट्टी मारायला लागला तर ही युक्ती पंधरा दिवसांत सगळ्या जिल्ह्यात पोहोचेल. दोन, शालेय संघात बारा खेळाडू कागदावर असतात, प्रत्यक्षात सहा-सात येतात. त्यातला एक काढला आणि दुसरा पाच फाऊल होऊन बाहेर गेला की माझे चारच उरतात. तीन, पंच डॉक्टर नाही. उद्या त्याने चांगल्या पोराला बाहेर बसवलं आणि राज्य निवड हुकली, तर त्या पोराच्या बापाला मी काय सांगू? त्या एका सामन्यावर त्याचे परीक्षेतले क्रीडा गुण अवलंबून असतात हो.

---

मधलीरेघ | रविवार, रात्री ११.१०

कोच साहेब, तुमचे तिन्ही मुद्दे मी स्वतः मांडले असते, त्या दुपारच्या आधी.

नाटकाचं बोलायचं तर फसवून पडणाऱ्याला टेक्निकल फाऊल आहे, तो आम्ही देत नाही हा आमचा दोष. आणि नाटक करणारा हातांवर पडतो, हनुवटी छातीला लावून पडतो. खरं पडलेल्याचे हात मोकळे सुटलेले असतात. इतक्या वर्षांनी हा फरक डोळ्यांना कळतो. नाहीच कळला तर एखादा नटवा माझ्या शिट्टीचा फायदा घेईल. घेऊ दे.

चार खेळाडूंचं म्हणाल तर नियम तुमच्या बाजूने आहे. बदली नसेल तर संघ चारांवर, तिघांवरही खेळतो. कोर्टवर दोनपेक्षा कमी उरले तरच सामना जातो. चौघांवर हरलेला संघ मी पाहिलाय, पुढच्या वर्षी परत आला होता.

तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. बापाला काय सांगायचं ते मला त्या रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यातही सुचलं नव्हतं. ते मला विचारत होते, ‘सर, तुम्ही जवळ होतात ना?’

---

एडिसनकर | सोमवार, पहाटे ४.३०

न्यू जर्सीहून. माझा मुलगा इथे हायस्कूलमध्ये खेळतो आणि मी शनिवार-रविवारी लहान मुलांच्या सामन्यांना शिट्टी वाजवतो, म्हणून दोन्ही बाजू थोड्या माहीत आहेत.

इथल्या शालेय खेळांच्या राष्ट्रीय नियमांत २०१० पासून स्पष्ट आहे: कन्कशनची चिन्हं दिसली की खेळाडू तत्काळ बाहेर, आणि योग्य वैद्यकीय व्यक्तीने परवानगी दिल्याशिवाय परत नाही. कायद्याची सुरुवात २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातून झाली, एका अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलाच्या दुखापतीनंतर. २०१४ पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत काही ना काही कायदा आला. पंचाला सर्वांत मोठा दिलासा असा की मी ‘याला कन्कशन आहे’ असं म्हणतच नाही. ‘मला चिन्ह दिसलं’ एवढंच म्हणतो. प्रशिक्षकाला माझ्याशी वाद घालायला जागाच उरत नाही.

पण डॉक्टर असला म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. २०१५ मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, वेस्टर्न कॉन्फरन्स (पश्चिम गट) अंतिम मालिकेत पाचव्या सामन्यात क्ले थॉम्प्सन या खेळाडूच्या डोक्याला समोरच्या खेळाडूचा गुडघा लागला. कान फाटला, आत नेऊन तपासलं, खेळायची परवानगीही मिळाली. सामन्यानंतर त्याला त्रास सुरू झाला, उलट्या झाल्या आणि कन्कशनचं निदान झालं. जगातल्या सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल लीगमध्ये, सगळी साधनं हाताशी असताना, लक्षणं उशिरा आली. मग आपण सिमेंटच्या कोर्टवर पंधरा सेकंदांत काय ठरवणार?

---

जुनीपानं | सोमवार, सकाळी १०.२०

पंचांचाच विषय आहे म्हणून दोन जुन्या घटना.

९ डिसेंबर १९७७. लॉस एंजेलिसमध्ये लेकर्स आणि ह्यूस्टन रॉकेट्सचा सामना. कोर्टच्या मध्यावर झटापट झाली. रॉकेट्सचा रूडी टॉमजानोविच धावत तिकडे आला. लेकर्सचा कर्मिट वॉशिंग्टन वळला आणि त्याने धावत येणाऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. चेहऱ्याची हाडं मोडली, कवटीला तडा गेला, मेंदूभोवतीचा द्रव गळू लागला. त्याचा तो हंगाम तिथेच संपला. वॉशिंग्टनला साठ दिवसांची बंदी आणि दहा हजार डॉलर दंड झाला, २६ सामने हुकले. त्या काळी एनबीएत दोनच पंच असत. दोघांचे डोळे चेंडूवर आणि समोरच्या धक्काबुक्कीवर, मग मागे काय चाललंय ते कोण बघणार? पुढच्याच हंगामात, १९७८-७९ ला, तिसरा पंच आला. वर्षभराने खर्चापायी काढला आणि १९८८-८९ मध्ये कायमचा परत आणला.

आपल्या जिल्ह्यात आजही दोन पंच आणि तिसऱ्याचं मानधन परवडत नाही, हे मी आयोजक म्हणून स्वतः म्हटलेलं वाक्य आहे.

दुसरी घटना एप्रिल १९९३ ची, ग्रीसमधली. पॅनिओनिओस क्लबकडून खेळणारा सर्बियन खेळाडू स्लोबोदान यान्कोविच. प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा, सामना, त्याच्यावर पाचवा फाऊल दिला गेला. रागाच्या भरात त्याने बास्केटच्या खांबावर डोकं आपटलं. मणक्याला इजा झाली आणि उरलेलं आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेलं. २००६ मध्ये तो वारला. त्या खांबावर आवरण होतं, पण पुरेसं नव्हतं. दोन संघांमधला धक्काही नव्हता तो, एका शिट्टीनंतरचे दोन सेकंद होते.

---

मधलीरेघ | सोमवार, दुपारी २.०५

जुनीपानं, दुसरी गोष्ट मला माहीत होती, आणि तिच्यामुळे माझी एक सवय बदलली. पाचवा फाऊल दाखवून टेबलकडे खूण केली की पंच लगेच पुढच्या जागेवर पळतो. मी पळत नाही. तो खेळाडू बेंचवर बसेपर्यंत त्याच्याकडे पाठ करत नाही. लहान पोरांच्या सामन्यात तर बाटली, खुर्ची, भिंत, काहीही हाताशी असतं.

खांबाचंही बोलायला हवं. नियमाप्रमाणे कोर्टच्या रेषेबाहेर दोन मीटर मोकळी जागा हवी, खांबही एंडलाइनपासून पॅडिंगसह दोन मीटर मागे हवा. आपल्याकडे शाळांच्या मैदानात लोखंडी खांब रेषेला चिकटून उभा असतो, ले-अप मारणारं पोर सरळ त्यावर जातं. बोर्डच्या खालच्या कडेला पॅड नसतो, उंच मुलाचं कपाळ तिथेच फुटतं. २०२५ च्या नोव्हेंबरात हरियाणात दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन मुलं बास्केटबॉलचा खांब अंगावर कोसळून गेली, एक रोहतक जिल्ह्यातल्या लाखन माजऱ्याला, एक बहादूरगडला. तो डोक्याचा मार नव्हता, पण खांब हलवून बघणं हे कुणाचंच काम नव्हतं, एवढं मात्र त्यातून दिसलं. पंचाचा अधिकार सामन्याच्या २० मिनिटं आधी कोर्टवर पाऊल ठेवल्यापासून सुरू होतो. ती २० मिनिटं आम्ही चहात आणि गप्पांत घालवत आलो. आता मी दोन्ही खांबांना हात लावून जोर देऊन बघतो, आणि उघड्या लोखंडाला गादी गुंडाळल्याशिवाय सामना सुरू करत नाही. परवा एका ठिकाणी शाळेच्या व्यायामशाळेतली कसरतीची गादी सुतळीने बांधून घेतली. बांधून झाल्यावरच चेंडू उडवला.

---

सिन्नरची_आई | सोमवार, रात्री ८.४५

नमस्कार सर, नमस्कार डॉक्टर ताई. मी इथे नुसती वाचायला असते, आज लिहितेय.

माझी लेक १४ वर्षांची आहे. मागच्या मंगळवारी सरावात तिचं आणि दुसऱ्या मुलीचं डोकं एकमेकींवर आदळलं. बेशुद्ध पडली नाही. आम्ही त्याच दिवशी स्कॅन केला, सगळं नॉर्मल. पण आठवडा झाला तरी वर्गात फळ्याकडे बघितलं की डोकं दुखतं म्हणते, ट्यूबलाइट नको म्हणते, आणि कधी नव्हे ती लहान भावावर ओरडते. तिचे सर म्हणतात, स्कॅन नॉर्मल आहे तर शनिवारी सामना खेळू दे, मन रमेल. मला कळत नाही मी जास्त घाबरतेय का.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ९.३०

ताई, तुम्ही जास्त घाबरत नाही आहात. शनिवारी खेळवू नका. स्कॅनमध्ये रक्त, तडा, सूज दिसते. कन्कशनमध्ये बिघाड कामकाजात असतो, तो स्कॅनवर दिसत नाही. उजेड सहन न होणं, वाचताना डोकं दुखणं, चिडचिड ही त्याचीच लक्षणं आहेत. डॉक्टरांना पुन्हा दाखवा, मेंदूविकारतज्ज्ञ असतील तर उत्तम. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या सुरू झाल्या किंवा झोपेतून उठवायला कठीण गेलं, तर त्याच वेळी रुग्णालयात न्या.

तिला अंधाऱ्या खोलीत कोंडूनही ठेवू नका, तो सल्ला आता जुना झाला. पहिले एक-दोन दिवस आराम आणि मोबाइल कमी, त्यानंतर त्रास फार वाढणार नाही इतपत चालणं चालतं. आधी शाळा, मग खेळ. खेळात परतण्याच्या सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीला किमान २४ तास: हलक्या हालचाली, मग सायकल किंवा धावणं, मग एकटीने शूटिंग, मग धक्का नसलेला सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर एक पायरी खाली. लहान वयात पूर्ण बरं व्हायला चार आठवडेही लागतात. मुलींमध्ये बास्केटबॉलमधली कन्कशन मुलांपेक्षा जास्त आढळतात, म्हणून तिच्या सरांनाही हे वाचायला द्या. पहिला हादरा पूर्ण भरून यायच्या आत दुसरा बसला तर, फार क्वचित का होईना, मेंदूला जीवघेणी सूज येते. ती मुलं शाळकरी वयाचीच असतात.

---

सिन्नरची_आई | सोमवार, रात्री ९.५२

सरांना आत्ताच फोन केला. शनिवारी ती बाकावर बसून स्कोअर लिहील.

---

स्कोअरशीट | मंगळवार, सकाळी ८.१५

मी टेबलवर बसते, कधी टायमर, कधी शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला दिलेली वेळ मोजणारं घड्याळ. पंच विसरतात ते सांगते. दोन्ही बेंचच्या मधोमध फक्त आमचंच टेबल असतं. मुलगा बाहेर आला की पंचाचं लक्ष सुटतं, आमच्यापासून तो चार पावलांवर असतो. टॉवेल डोक्यावर घेऊन वाकून बसलाय, दोनदा ‘स्कोर काय’ विचारलंय, कोणत्या बास्केटवर खेळतोय ते कळत नाहीये, हे आम्हाला दिसतं. पण टेबलने बोलायचं नाही अशी पद्धत आहे. तर मधलीरेघ, सामन्याआधीच्या बोलण्यात टेबलला सामील करा. डोक्याचा मार लागून बाहेर आलेल्याचा नंबर आम्ही कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवू, आणि प्रशिक्षकाने त्याला परत आत घ्यायला बदली मागितली की मी हॉर्न वाजवण्याआधी तुम्हाला हात करीन. आमच्या भागात हे या महिन्यापासून सुरू केलंय.

---

मधलीरेघ | रविवार, रात्री ९.४०

स्कोअरशीट ताई, तुमचं वाचून आज टेबलवरच्या तिघांना जवळ बोलावलं, आणि आजच गरज पडली.

मुलींचा क्लब सामना. रिबाउंड घेऊन वळताना एकीचं कोपर दुसरीच्या कानशिलाला लागलं. ती गुडघ्यांवर बसली, चेहरा कोरा. चेंडू पिवळ्या संघाकडे, त्यांची मुलगी एकटी बास्केटकडे निघालेली, पुढे कुणीच नाही. मी शिट्टी वाजवली. दोन हुकमी गुण गेले. पिवळ्या संघाचे सर रेषेपर्यंत धावत आले. मी त्यांना हात केला आणि मुलीजवळ बसलो. ‘बरी आहेस ना’ विचारलं नाही. विचारलं, ‘आता कितवा क्वार्टर? मागचा बास्केट कुणी मारला? याआधीचा सामना कुणाशी झाला?’ तिसऱ्याला तिने तिच्या शाळेचं नाव सांगितलं. तिला बाहेर काढलं. दहा मिनिटांनी तिच्या सरांनी तिला परत आत घ्यायला बदली मागितली आणि टेबलवरून हात वर झाला. मी नाही म्हटलं. तिचा संघ तीन गुणांनी हरला. तिची आई तिला घेऊन गेली, संध्याकाळी फोन आला की डोकं दुखतंय, डॉक्टरांनी थांबवून घेतलंय, बोलतेय नीट.

गंमत म्हणजे तक्रार जिंकलेल्या संघाने केली. गुणफरकावर पुढची जागा ठरते, म्हणून त्यांच्या कर्णधाराने १५ मिनिटांच्या आत निषेधाची सही केली. कारण दिलंय, ‘हल्ला चालू असताना शिट्टी’. मला उद्या समितीला उत्तर लिहायचं आहे. कलम_पाच, मदत करा.

---

कलम_पाच | रविवार, रात्री १०.३०

निषेध टिकणार नाही. गुणांची, सामन्याच्या घड्याळाची किंवा शॉट क्लॉकची न सुधारलेली चूक, सामना बहाल करणं, रद्द करणं, पुढे ढकलणं, पुन्हा सुरू न करणं किंवा न खेळवणं, आणि खेळाडूची पात्रता, निषेध एवढ्याच कारणांवर करता येतो. शिट्टी कधी वाजवली हे त्यात बसत नाही.

तरी उत्तर लिहाच, आणि पूर्ण लिहा. कलम पाचमधली दोन्ही वाक्यं एकाखाली एक द्या. चेंडू कुणाकडे होता, कोपर कुठे लागलं, तुम्ही कोणते तीन प्रश्न विचारले आणि ती काय म्हणाली, हे तिच्याच शब्दांत. थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकायची संधी, पिवळ्या संघालाच जवळच्या जागेवरून दिला असेल, तर तेही लिहा, म्हणजे ताबा त्यांच्याकडून काढला नाही हे दिसेल. कोपर मारणारीला काय दिलंत ते या पोस्टमध्ये नाही, समिती आधी तेच विचारेल. आणि डॉक्टरांचा कागद मिळाला तर तिच्या आईला विचारूनच जोडा.

मसुदा मला आज रात्री पाठवा, मी जागा आहे.